पट्टीला ठाऊक असलेला उपास

केतकीने सकाळी दंडावर चिकटवलेल्या मधुमेहाच्या पट्टीला "आज उपास" एवढंच सांगितलं आणि ती कामाला लागली. दुपारी तिच्या सासूबाई, कालिंदीबाई, स्वयंपाकघरात आल्या तेव्हा सून ओट्याला धरून कशीबशी उभी होती, घामाने निथळत.

"वजन उतरतंय, आई," ती पुटपुटली. "घाम आला की चरबी वितळते."

कालिंदीबाईंनी तिचा हात धरला. तो गार पडला होता. "खिचडी खाल्लीस ना?"

"आज काहीच नाही. उपाशी राहिल्याशिवाय वजन हलत नाही."

कालिंदीबाईंनी तिच्या दंडावरची पट्टी ओढून काढली. जेवणानंतरची साखर जाळणारं औषध रक्तात सोडायचं, हे पट्टीचं काम. घरातल्या सगळ्या पट्ट्या एकमेकींकडून शिकत, आणि सात वर्षं दर चतुर्थीला कालिंदीबाईंनी आपल्या पट्टीला उपास सांगून साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस असं सगळं हादडलं होतं. त्यामुळे उपास म्हटलं की पट्टी दुप्पट औषध सोडायची. आज तिला जाळायला केतकीच्या पोटात काहीच नव्हतं.

केतकीचे गुडघे वाकले. कालिंदीबाईंनी तिला मांडीवर घेतलं, साखरेचा डबा ओढला आणि ओली साखर तिच्या हिरड्यांवर चोळत राहिल्या. बराच वेळ पापणीही हलली नाही. मग ओठ हलले.

"माझा उपास मोडला."

"मोडू दे," कालिंदीबाई म्हणाल्या. "खरा उपास कसा असतो, हे मी पट्टीला कधी दाखवलंच नाही."