आधी नाव सांगा
देवपुरातल्या आमच्या पिशव्यांच्या कारखान्यात भिंतीवर नियम रंगवलाय: कस्तुराला दिसत नाही, तिच्याजवळ जाताना आधी नाव सांगा. कारखाना चालवणाऱ्या नानांनीच लिहिलेला. आठवडाभर दुपारी आम्ही बाहेर जेवायला बसलो की आत एकट्या राहिलेल्या तिच्या कमरेला कोणीतरी नाव न सांगताच हात लावायचं. काल तिने पोती शिवायच्या दाभणाने तो हात भोसकला. हात मागे गेला, कोणी ओरडलं मात्र नाही. आज नानांनी सगळ्यांना गोल बसवलं. "असलं वागणं इथे चालणार नाही," ते कडाडले. मग कस्तुराच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "सांग बेटा, कोन व्हता? मी शे ना आठे, घाबरू नको." त्यांच्या तळहातावरची पट्टी तिच्या केसांना घासली. कस्तुराने तो हात घट्ट धरला. "काल नाव सांगं नही तुम्ही, नाना." पट्टी आम्हा अकरा जणांना सकाळीच दिसली होती.