राजमतीच्या वर

कारंज्यातल्या आमच्या इमारतीत राजमती सगळ्यात वर राहायची आणि मी तिच्या खाली. तिचा रेडिओ, तिच्या साड्या, तिचं गुटगुटीत पोर, सगळं माझ्या डोक्यावर नांदायचं. चौऱ्याहत्तर साली मालक चांदमलशेठनी गच्ची विकायला काढली. राजमती जिन्यात थांबून म्हणाली, "आमीच घेऊन राह्यलो गच्ची. वर खोल्या बांधू. मंग दोन मजले आमचेच!"

मला घास गोड लागेना. बी.ए. झालेली मी, जन्मभर हिच्या पायाखाली राहू? आईने दिलेल्या पाटल्या मोडल्या, ह्यांच्या मागे लागले आणि तिच्याआधी गच्ची घेतली.

खोल्या झाल्या, आम्ही वर राहायला गेलो. पण मे महिन्यात छत असं तापलं की तान्ह्या लेकीचं अंग घामोळ्यांनी भरलं. मी तिला ओल्या फडक्याने पुसत होते, तोच राजमती पेढे घेऊन वर आली. "घ्या ताई, तोंड गोड करा. यंदा आमच्या पोराले एक घामोळी नाही!"

 

माझ्या हातावर पेढा ठेवत ती हसून म्हणाली, "गच्ची आमाले घ्यायचीच नव्हती हो. आमच्या छतावर कोणाचं तरी घर पाह्यजे होतं."