उजेडाची मात्रा

“उजेडानंच थोरली गेली, आणि आता धाकटीला तुम्ही दिव्यांसमोर उभी करणार?” आईनं विचारलं.

त्वचारोगाच्या डॉक्टरांनी हातातले अहवाल बाजूला ठेवले. थोरलीच्या पाठीवरचा तीळ वाढत गेला होता. तो त्वचेचा कर्करोग आहे हे कळेतो फार उशीर झाला, आणि त्याला अजून वर्षही उलटलं नव्हतं. धाकटी टेबलापाशी बसली होती. याच रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात ती परिचारिका होती. बोटांपासून कोपरांपर्यंत तिची कातडी लाल, वर पांढुरके खवले.

“थोरलीला तो उन्हानंच झाला, असं खात्रीनं नाही म्हणता येत,” डॉक्टर म्हणाल्या. “पण घरात होऊन गेलाय, हे खरं. या अतिनील किरणांच्या उपचारानं बहुतेकांचे खवले उतरतात. काही महिने बरे जातात, कधी जास्तही. मग सोरायसिस परत येऊ शकतो. कर्करोगाचा धोका इतरांना सांगताना मी ‘अगदी कमी’ म्हणते. तुमच्या घरात तो शब्द जपून वापरायला हवा.”

“म्हणजे गुण चार दिवसांचा आणि घोर जन्माचा.”

“आई!”

“खोटं बोलले का? गोळ्यांनी यकृत बिघडलं, आता हे. आगीतून फुफाट्यात. अगं, हा काही जिवावरचा रोग नाही. लांब बाह्यांचं घाल नि राहा सुखानं.”

“बाह्या दुमडल्याशिवाय बाळ न्हाऊ घालता येत नाही,” धाकटी म्हणाली.

गेल्या महिन्यात एका बाळंतिणीनं तिच्या हातांतून आपलं मूल ओढून घेतलं होतं. हा रोग स्पर्शानं पसरत नाही, असं मेट्रननं समजावलं. बाळंतिणीनं मान डोलावली आणि मूल आणखी घट्ट धरलं. तेव्हापासून धाकटीला कपड्यांच्या कोठीत बसवलं होतं.

“चादरींच्या घड्या घालते मी आता,” ती आईकडे न पाहता म्हणाली. “चादरी रडत नाहीत गं.”

आईनं अंगावरची शाल घट्ट ओढून घेतली.

“अंगावरचा प्रत्येक तीळ मी स्वतः तपासत राहीन,” डॉक्टर म्हणाल्या. “जरा शंका आली की उपचार बंद. याहून मोठं वचन मला देता येणार नाही.”

“चालेल,” धाकटी म्हणाली.

पलीकडच्या खोलीत कपाटाएवढं उंच यंत्र होतं. आत उभ्या नळ्या. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी धाकटीच्या डोळ्यांवर गडद चष्मा चढवला, चेहरा कापडानं झाकला.

“हातच उघडे ना फक्त?” आईनं दुसऱ्यांदा विचारलं. मग आपली शाल काढून तिनं लेकीच्या पाठीवर पांघरली आणि टोकं घट्ट खोचली.

“आई, जाड कपडे आहेत अंगात.”

“असू देत.”

दार लागलं. यंत्र घुमू लागलं आणि दाराखालच्या फटीतून निळसर उजेडाची पट्टी फरशीवर, बाकावर बसलेल्या आईच्या पायांपर्यंत आली.

“आजी, पाय मागे घ्या. तेवढ्यानं काही होत नाही, पण उगाच कशाला?” बाई म्हणाल्या.

आईनं पाय मागे घेतले. बाई घड्याळाकडे वळल्या.

आईनं चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल हळूच त्या पट्टीत ठेवलं.