अरुंद लाट

महाडचे डॉक्टर येसाजीच्या ईसीजीतली एकेक लाट पट्टीने मोजू लागले, तशी त्याची बायको चंद्रभागा पुढे वाकून बघू लागली. लाट रुंद म्हणजे हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात चालत नाहीत, असं पोलादपूरच्या नर्सने सांगितलं होतं. म्हणून काल तिने कुडपणच्या देवळात गाऱ्हाणं घातलं होतं, "देवा, आमच्या ह्यांची लाट अरुंद निघू दे." "औषधांनी हृदयाला जोर येईना, म्हणून दोन्ही बाजू तालात आणणारं मशीन बसवायचं होतं," डॉक्टर म्हणाले. "पण ते रुंद लाटेच्या पेशंटलाच उपयोगी पडतं. यांची अरुंद आहे." "मंग?" तिने विचारलं. "औषधंच. बघू, किती साथ देतात." ती ईसीजीचा कागद घेऊन बाहेर आली. बाहेर बाकावर येसाजी नवसाचा नारळ उराशी धरून धापा टाकत होता. "काय गो, अरुंदच ना?" "अरुंदच," ती कशीबशी म्हणाली. "देवानं ऐकलंन! चल, नारळ फोडू," म्हणत तो उठला.