गळ्यावरचे ओरखडे

शिवणाच्या क्लासला जाणाऱ्या बाईची वेणी ओली कशी? आणि गळ्यावर नखांचे ओरखडे? सुई काय गळ्याला टोचते?

सासूबाईंनी विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतं. नवरा बुडून गेला तेव्हापासून त्यांनी एकटीने घर हाकलं होतं, आणि पोराला गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरू दिलं नव्हतं. ते पोर आता रोज ओव्हरटाइम करून दमून येई. बायकोच्या गळ्याकडे ढुंकून बघत नसे. बापासारखाच भोळा!

शनिवारी त्या सुनेच्या मागोमाग निघाल्या. सून वळली ती थेट तरणतलावाच्या फाटकात. कपडे बदलायच्या खोल्यांच्या आडून सासूबाईंनी डोकावलं. खोल पाण्यात कुणी टोपी-गॉगलवाला बाप्या सुनेच्या गळ्यात दोन्ही हात टाकून होता. आणि ही बया त्याला झिडकारायचं सोडून त्याच्यासकट पाण्याखाली गेली!

सासूबाई चप्पल हातात घेऊनच काठावर उभ्या पोहण्याच्या मास्तरांपाशी पोचल्या. "मास्तर, कोण आहे तो मेला?"

मास्तरांनी पाण्यावरची नजर हलवली नाही. "जीवरक्षकाची तयारी आहे, आजी. बुडणारा गळा धरतो. धरला की त्याच्यासकट खाली जायचं, मग तो सोडतो. आमची पोरं बुडायचं नाटक करतात, लगेच सोडतात. परीक्षेत परीक्षकाने खरोखर गळा आवळला तेव्हा ही गांगरली, नापास झाली. सोमवारी शेवटची संधी. म्हणून पाण्याला खरोखर घाबरणारा माणूस आणलाय तिने."

तेवढ्यात सून वर आली. त्या माणसाला मागून हनुवटीला धरून तिने काठाशी ओढत आणलं. खोकत खोकत त्याने गॉगल वर केला.

पोटचा पोरगा!

"आई... ओव्हरटाइम..."

"तोंड मीट. पाणी जाईल."

सून छातीभर पाण्यात मान खाली घालून उभी राहिली. "मामंजी बुडाले तेव्हा काठ माणसांनी भरला होता, असं तुम्हीच सांगता ना आई? उतरता येणारं एकही नव्हतं."

सासूबाईंनी तिच्या गळ्यावरचे ओरखडे निरखले. मग त्यांनी चप्पल खाली ठेवली, दुसरीही काढली, चष्मा मास्तरांच्या हातात दिला आणि शिडीची दांडी धरली.

"ह्याची कसली आलीये पकड! चाळीस वर्षांत माझ्या हातून कुणी सुटलेलं नाही. माझ्यापासून गळा सोडवून दाखव, म्हणजे सोमवारी पास."