वरच्या सुराची जागा

सप्त्याच्या चौथ्या दिवशीही तसंच झालं. अप्पाराव महाराजांचा भरदार आवाज चढत चढत वरच्या षड्जाच्या तोंडाशी आला आणि फुटला. छातीतून येणारा सूर एकदम बारीक, किनरा झाला. महाराज खोकले. मागं उभ्या असलेल्या त्यांच्या शिष्येनं, करुणानं, ओळ उचलून अशी वर नेली, की हर्सूलचा सगळा मंडप डोलायला लागला.

पुढच्या रांगेत गोजरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पाहिलंस?" त्या शेजारच्या सुरेखाला म्हणाल्या. "म्हाताऱ्याला दम घ्यायची फुरसत देत नाय. तोंडातला घास काढून घेतीय नुस्ती."

"पण आक्का, गाती लई गोड."

"गोड! साखर खा मग घरी जाऊन."

महाराजांची कीर्तनं ऐकता ऐकता गोजरबाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांचा सूर लागला की कडेवरची लेकरं रडायची थांबत. बिडकीनची ही पोर त्यांच्याकडं शिकायला आली, आणि तेव्हापासून आवाज दगा द्यायला लागला. हे काय कुणाला दिसत नव्हतं?

कीर्तन संपताच त्या तडक सप्त्याच्या कारभाऱ्याकडं, शिवराजकडं गेल्या.

"शिवराजभाऊ, आपल्या सप्त्यात बाईनं गायचं नाय, हा कायदा तुमचाच ना?"

"व्हय. पण महाराजांचा आवाज साथ देईना. वरची ओळ धरायला मागं कुणीतरी लागतंच, अन् तिच्याइतकं वर कुणी जाईना. मजबुरी हाय, आक्का." मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? पुढच्या साली महाराजांना बोलवायचं का नाय, हाच विचार चाललाय."

गोजरबाईंनी पदर खोचला.

"आवाज गेला नाय, भाऊ. तिनं गिळलाय! एक दिवस तिला खाली बसवा. महाराजांना सावरायला सवड द्या. नाय सुधारलं, तर या मंडपात परत पाय ठेवणार नाय मी."

शिवराजला तेवढंच निमित्त हवं होतं.

दुसऱ्या दिवशी करुणा बायकांत बसली. टाळ मांडीवर, मान खाली. गोजरबाईंनी तिच्याकडं पाठ फिरवली.

महाराजांनी मागं वळून रिकाम्या जागेकडं पाहिलं, मग शिवराजकडं. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी अभंग धरला.

आवाज चढत गेला. षड्जाच्या तोंडाशी आला. गोजरबाईंनी श्वास रोखला.

फुटला नाही. तसाच अखंड, भरदार वर गेला, तिथं ठरला आणि आणखी वर निघाला. मंडप उठून उभा राहिला. शिवराजनं तिथंच माईक घेऊन पुढच्या सालचं निमंत्रण जाहीर केलं.

कीर्तन संपलं तशा गोजरबाई रडतच महाराजांच्या पायावर पडल्या.

"महाराज, परत आला तुमचा आवाज! मी म्हणत होते ना, त्या पोरीनंच..."

महाराजांनी पाय मागं घेतले.

"आवाज गेला होता कुठं, गोजरबाई?" ते म्हणाले. "मी सूर फोडला नसता, तर गाऊ दिलं असतं का तुम्ही तिला?"