सिग्नल नाही

पंखा फिरला, संगणकाच्या डब्याच्या तोंडावरचा हिरवा दिवा लागला, मॉनिटरवर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी क्षणभर तरंगली आणि विझली. पडदा पुन्हा काळा.

“वैद्यकाका, बाकीचं सगळं भरून टेम्पोवाला खाली चहा पितोय,” सोसायटीचा सेक्रेटरी कुंदन दारातून म्हणाला. “ऑफिसातलं सगळं भंगार आजच द्यायचं ठरलंय. कॉम्प्युटर चालला तर तुमचा, नाही चालला तर त्याचा. कमिटीत शब्द दिलाय मी.”

“पिऊ दे त्याला चहा,” नंदकिशोर वैद्य म्हणाले आणि पुन्हा बटणाकडे वळले. इतकं ठाम आपण याआधी कधी बोललो होतो, हे त्यांनाच आठवेना.

वाशीच्या एका कॉलेजातून ते ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले होते. संगणकाचं ज्ञानही पुस्तकांतूनच आलेलं, त्यामुळे त्यावर त्यांचा स्वतःचाच भरवसा नव्हता. जुन्या, धापा टाकणाऱ्या मशीनवरसुद्धा लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम बरी चालते, असं त्यांनी वाचलं होतं. म्हणून जुनं सगळं पुसून त्यांनी ती घातली. पेनड्राइव्ह लावून सुरू केलं की सगळं नीट दिसे. इन्स्टॉलेशन विनातक्रार पुरं झालं. पण पेनड्राइव्ह काढून मशीन स्वतःच्या पायावर उभं करायला गेलं की अंधार.

रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासून झाली. घरून दुसरी केबल आणून लावून झाली. पुन्हा एकदा मुळापासून इन्स्टॉल करून झालं. शर्ट पाठीला चिकटला होता. दुसरा कुणी जाणकार असता तर कधीच मोकळा झाला असता, असं मनात येत होतं. तरी हात थांबत नव्हते.

मशीन उझमासाठी हवं होतं. समोरच्या विंगमधली उझमा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. लहानपणीच्या आजारात तिची दृष्टी गेली, तेव्हापासून ती सांगायची आणि परीक्षेत लेखनिक लिहायचा. गेल्या खेपेला लेखनिक म्हणून आलेल्या मुलीनं कंटाळून तिची लांबलचक उत्तरं चार-चार ओळींत गुंडाळली. उझमा नापास झाली. यंदा खेटे घालघालून तिनं स्वतः टाइप करायची परवानगी मिळवली होती. परीक्षा तोंडावर आली होती आणि सरावाला घरात संगणक नव्हता. मोबाइल तिला वाचून दाखवायचा, पण त्याच्यावर अख्खी उत्तरपत्रिका लिहून होत नाही.

नंदकिशोरनी पुन्हा बटण दाबलं. पंखा. हिरवा दिवा. पाटी. काळोख.

दाराशी काठीचा टकटक आवाज झाला.

“काका, झालं?”

“नाही गं. सुरूच होत नाही बघ.”

“आवाज येतोय की.”

“तो पंखा.”

उझमा टेबल चाचपत पुढे आली आणि तिनं डब्यावर तळहात ठेवला. “पंखा नाही. त्याच्या खालून कुरकुर चाललीये.” ती जरा वेळ तशीच उभी राहिली. “थांबली. संपलं वाटतं त्याचं काम.”

“संपलंच म्हणायचं,” कुंदन हसला. “उझमा, त्या डब्याचं वय तुझ्याएवढं असेल. सोड ना.”

“स्पीकर कुठंय काका?”

“पिशवीत. म्हटलं आधी चित्र तर दिसू दे, आवाजाचं मग बघू.”

“लावा ना.”

काही उपयोग नाही, हे नंदकिशोरना ठाऊक होतं. पोरीचं मन मोडवेना म्हणून त्यांनी स्पीकर काढले, वायर खोचली. उझमा खुर्चीवर बसली. बोटांनी तिनं कीबोर्डच्या कडा शोधल्या.

“कॉलेजच्या लॅबमध्ये हेच लिनक्स आहे,” असं म्हणून तिनं तीन कळा एकदम दाबल्या.

काहीच झालं नाही. मग स्पीकरमधून एक घोगरा, पत्र्याच्या डब्यात बसून बोलावा तसा आवाज आला.

“पासवर्ड.”

कुंदन दार सोडून आत आला. नंदकिशोर मॉनिटरकडे बघत राहिले. तो ठार काळा होता.

“हा पडदा वाचून दाखवणारा आवाज. पासवर्ड काय ठेवलाय काका?”

त्यांनी सांगितला. उझमानं तो दाबला. आवाज भराभर काही बोलला, तिनं मान हलवली, आणखी काही कळा दाबल्या. मग ती टाइप करू लागली. ओळ संपली तेव्हा त्या घोगऱ्या आवाजानं ती सगळी वाचून दाखवली.

“कुंदनभाऊ टेम्पोला जाऊ द्या.”

“आयला,” कुंदन म्हणाला. मान खाजवून म्हणाला, “शब्द म्हणजे शब्द. चालला.” आणि खिडकीतून वाकून त्यानं टेम्पोवाल्याला निघायची खूण केली.

नंदकिशोरना मात्र आनंद धड होईना. “चालला कसला? तो तर सकाळपासून चालतच होता. फक्त चित्राचं कुठंतरी बिनसलंय, आणि मी आपला त्या पडद्यासमोर बसून सगळं पुन्हा पुन्हा पुसतोय. पण सापडेल. वाचून काढतो मी. दोन दिवस दे उझमा. पडदा लागल्याशिवाय अशी अर्धवट वस्तू तुझ्या घरी कशी पाठवू?”

उझमाची बोटं थांबली नव्हती. तिनं दुसरी ओळ सुरू केली होती. डावा हात सारखा मॉनिटरच्या पायाला अडत होता.

“आधी हा मॉनिटर उचला काका,” ती म्हणाली. “मला कोपर टेकायला जागाच नाही.”